गंगाक्काचे ब्याण्णव मार्क

‘हात हलवा आणि खेळा’ असं ज्या खोक्यावर छापलेलं असतं, ते खोकं माझ्या दुकानात आणू नका. तशी पाटीच लावलीय मी. मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. तरी लोक आणतात. पहिल्यांदा आलेल्याला मी हात जोडून परत पाठवतो, दुसऱ्यांदा आलेल्याला हात न जोडता.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, व्हिडिओ गेम दुरुस्त करणारा माणूस आमच्याकडं आजवर लिहिता झालेला नाही, धंद्यातल्या गमतीजमती येऊ द्यात, दिवाळी आहे, वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे. गमती आहेत, त्या लिहितो. पण रागही आहे आणि तो जास्त आहे, हे त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. ते म्हणाले, लिहा. तेव्हा आता दोष माझा नाही.

माझं दुकान बेळगावच्या शहापुरात. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि गेली बरीच वर्षं फक्त गेम. लोकांना वाटतं हा पोराटोरांचा धंदा. साठी ओलांडलेला माणूस चष्म्यावर भिंग चढवून गेमचं बटण दुरुस्त करतोय, हे बघून कितीतरी जणांनी मला विचारलंय, अण्णा, मुलगा न्हाय का दुकानात? मुलगा आहे, पण तो बँकेत आहे आणि त्याला बॅटरीचे शेलसुद्धा सरळ घालता येत नाहीत.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या पद्धतीचा कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायची एक मूठ. तिच्यावर बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन काड्या. बटणाच्या खाली रबराची टोपी असते, टोपीच्या आत काळा ठिपका. बटण दाबलं की ठिपका खालच्या पट्टीला टेकतो, वीज पुढं जाते आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतो. टेकला तर उडी, नाही टेकला तर नाही. मधलं काही नाही. मला ही गोष्ट फार आवडते. माणसांच्यात एवढा सरळपणा मी क्वचित बघितलाय.

कंट्रोलर उघडला की तो कुठल्या गावचा हे मी न विचारता सांगतो. वडगावचा असेल तर काडीच्या बुडाशी धाग्याचे बारीक तंतू गुंडाळलेले असतात, कारण घरातच माग आणि मागाशेजारीच टीव्ही. लोंढ्याकडचा असेल तर पावसानं स्क्रू गंजलेले, पिळून पिळून डोकं गेलेलं. आणि निपाणीचा उघडायच्या आधी मी नाकाला रुमाल बांधतो. तंबाखूची पूड! एकदा रुमाल न बांधता उघडला आणि एवढा शिंकलो की टेबलावरचे सगळे स्क्रू खाली गेले. गिऱ्हाईक उलट मलाच म्हणालं, “अण्णा, आमच्यात कोण तंबाखू खात न्हाय वो.” खात नसतील. पण वखार घराला लागून आहे, त्याचं काय?

मग हे हात हलवायचं खूळ आलं. यात बटण नाही. एक तर हातात कांडी धरून हलवायची, नाहीतर टीव्हीवर ठेवलेला कॅमेरा तुमच्याकडं बघतो. कॅमेरा काय बघतो? तुमचा खांदा, कोपर, मनगट असे ठिपके धरतो आणि ठिपका वर गेला की हात वर गेला असं मानतो. मानतो, हा शब्द लक्षात ठेवा. त्याला माहीत काहीच नसतं, तो अंदाज करतो. आणि अंदाज किती ढिला ठेवायचा, हे आत जाऊन ठरवता येतं. ते ठरवणारा माणूस मी.

निपाणीत स्टँडजवळ एक गेम पार्लर होतं. मालकाला सगळे आप्पा म्हणायचे. आप्पांनी हौसेनं कांडीवालं क्रिकेट आणलं आणि ते बसवायला मला बोलावलं. गावातल्या टेनिस बॉल स्पर्धांत नाव असलेला एक ओपनर तिथं खेळायला आला. पाय काढला, कोपर वर, डोकं चेंडूवर, सगळं शास्त्रशुद्ध. तीन चेंडूंत आऊट. त्याच्यासमोर तंबाखूचा एक व्यापारी सोफ्यावर रेलून बसलेला, एका हातात भडंगाचा पुडा, दुसऱ्या हातानं कांडीला नुसता झटका. प्रत्येक चेंडू मैदानाबाहेर.

तो ओपनर लालबुंद होऊन माझ्याकडं वळला. “अण्णा, मी पाय काढून मारलो. ह्येनं बसून भडंग खाईत मारलं. त्याचा सिक्स आणि मी आऊट? ह्यो कुठला न्याय म्हणायचा?”

“न्याय न्हाय रं, सेन्सर हाय,” मी म्हणालो. आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही.

आप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हे असं होऊन चालणार नाही, जरा हलकं करून द्या. हलकं करणं हा आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय. सेन्सर एवढा ढिला करायचा की कसाही हात हलला तरी फटका बसलाच पाहिजे. माणूस जिंकतो, खूश होतो, परत येतो. मी हलकं करून दिलं. आठवड्याभरात तोच ओपनर सोफ्यावर बसून झटके मारायला लागला आणि मला बघून त्यानं अंगठा दाखवला. मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, वाटला. बेळगाव ते निपाणी एकूण एक पार्लरवाल्याला माझा नंबर पाठ होता तो याच कामामुळं. मारुतीअण्णाला बोलवा, हलकं करून देईल.

आता गंगाक्काचं सांगतो.

गंगाक्का वडगावची. माझ्या थोरल्या बहिणीच्या शेजारी तिचं घर, आणि घरात हातमाग. आजूबाजूला सगळ्यांनी पॉवरलूम घातले, हिनं घातला नाही. साडी हातावर विणायची. ते काम कसं असतं तेही सांगितलं पाहिजे. उजव्या हातात दोरीची मूठ असते. ती झटक्यानं ओढली की धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडं पळतो. डाव्या हातानं फणी ठोकायची, पायानं पावड्या दाबायच्या. दिवसातून हजारो वेळा. दोरी ओढायला दंडात ताकद लागत नाही, मूठ पक्की मिटावी लागते. चार बोटं आणि अंगठा. मूठ सुटली की धोटा मध्येच अडकतो आणि तार तुटते.

गेल्या वर्षी गंगाक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात बराचसा आला, काठी घेऊन ती चालायला लागली. हात आला नाही. तिचा मुलगा प्रकाश उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरीला आहे, आईवर जीव टाकणारा. त्यानं चौकशी करून तिला शहरातल्या एका खासगी उपचार केंद्रात घातलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथं नव्या पद्धतीचे उपचार होते. पेशंटनं टीव्हीसमोर खुर्चीत बसायचं, हात वर करायचा, पडद्यावर फुगा फुटायचा. टाळ्या वाजायच्या. शेवटी मार्क.

त्या केंद्राच्या मॅनेजरचा मला फोन आला. “अण्णा, पेशंटचे मार्क वर जाईनात. नातेवाईक विचारालेत. येऊन स्वल्प अॅडजस्ट करा की.”

मी गेलो. दहा मिनिटांचं काम. फुगा फुटण्यासाठी मनगट कुठपर्यंत वर यावं लागतं, त्याची एक रेषा असते. ती छातीवर होती. मी ती कमरेच्या जरा वर आणली. हलकं करून दिलं. पेशंट म्हणजे गिऱ्हाईकच, ते जिंकलं की खूश होणार, परत येणार. दुसरा विचार मनात आला नाही. मॅनेजरनं चहा पाजला. मीही बिस्किट बुडवून आरामात प्यायलो.

मी निघणार तेवढ्यात गंगाक्काला आत आणलं. मला बघून तिला बरं वाटलं. खुर्चीत बसली, फुगे सुरू झाले. दोन-चार फुगे फटाफट फुटले. टाळ्या. ती थबकली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “मारुती, अरं, हात उचललाच न्हाय की रं मी. नुसती कललो खुर्चीत. ह्यो फुगा का फुटला?”

तिथली मदतनीस पोरगी हसली, मॅनेजर हसला. आणि मी म्हणालो, “आक्का, तुमाला कळत न्हाय, मशीनला कळतंय. उचलला तुमी.”

हे वाक्य मी बोललो. साठ वर्षांच्या आयुष्यात मी बरंच चुकीचं बोललोय, पण हे वाक्य मला आजही जेवताना आठवतं.

गंगाक्काचे मार्क तोवर एक्केचाळीस होते. पुढच्या पंधरवड्यात साठ, मग पंच्याहत्तर. तीन महिन्यांनी ब्याण्णव. रंगीत कागदावर छापून दिले, वर ‘अभिनंदन’. प्रकाशनं तो कागद मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. मीही अंगठा दाखवून मोकळा झालो. या सगळ्या काळात त्या बाईच्या बोटांना एकदाही कुणी काम दिलं नाही, कारण कॅमेऱ्याला बोटं दिसतच नाहीत. त्याला मनगट दिसतं. मनगट ती खांदा उचलून, अंग एका बाजूला टाकून वर आणत होती. समोर शिकलेली माणसं उभी होती. सगळी टीव्हीकडं बघत होती.

मग बहिणीचा फोन आला. “मारुती, गंगाक्का रडालीया. प्रकाश तिच्यावर वराडलाय. जरा ये.”

गेलो. मागावर नवा ताणा चढवलेला होता. आईला ब्याण्णव मार्क मिळाले म्हणून प्रकाशनं चार माणसं बोलावून हौसेनं चढवला होता. ती नको म्हणत होती. माझी मूठ मिटत न्हाय, म्हणत होती. त्यानं तिला धरून मागावर बसवलं, हातात दोरीची मूठ दिली. हात घसरून मांडीवर पडला. परत दिली, परत पडला. दहा वेळा. अर्धी वीतसुद्धा कापड विणलं गेलं नव्हतं आणि ताण्याच्या कितीतरी तारा तुटून लोंबत होत्या.

प्रकाश दारात उभा होता. “मारुतीअण्णा, तुमीच सांगा आता आईला. तिथं ब्याण्णव पडत्यात, घरात एक धागा टाकत न्हाय. मनच लावत न्हाय ती. केंद्रातनं बी तसंच लिवून दिलंय, बघा.”

त्यानं फाईल दाखवली. ‘रुग्णाचं घरी सहकार्य नाही.’

पन्नास वर्षं मागावर बसलेली बाई. तिला सांगितलं जात होतं की तू काम टाळतेस. कोणाच्या जिवावर? मी ढिल्या केलेल्या एका रेषेच्या जिवावर.

गंगाक्का भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हळू म्हणाली, “मला बी आता वाटालंय, माझंच मन खोटं असंल.”

ती रेषा मी ढिली केली होती, हे मी तेव्हा तिथं सांगितलं नाही. हे कबूल करतो. उठलो, स्कूटर काढली आणि थेट केंद्रात गेलो. मॅनेजरला म्हणालो, मशीन उघडा, ती रेषा मला परत वर न्यायचीय. तो म्हणाला, “कशाला? सगळे खूश हाईत की. आकडा चढताना बघून माणसाला उमेद येते अण्णा.” मी आवाज चढवला. असा चढवला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. उमेद कुणाला येते? तुमच्या जाहिरातीला! हात कुणाचा जातोय? त्याच्या देखत मशीनला बसलो आणि रेषा छातीवर नेली. आधी होती तशी. समोर बसलेल्या पेशंटचे फुगे फुटायचे थांबले. त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला, तो मला आजही दिसतो. मॅनेजरनं मला बाहेर काढलं. पुढं कळलं की त्यानं दुसऱ्या दिवशी हुबळीहून माणूस बोलावून परत सगळं हलकं करून घेतलं. मी तक्रार लिहून देऊन आलोय. जिथं दिली तिथून अजून कागदाला कागद आलेला नाही.

मॅनेजरवर ओरडणं सोपं होतं. वडगावला परत जाणं अवघड होतं. संध्याकाळच्या आत गेलो. प्रकाशला आणि गंगाक्काला समोर बसवून सगळं सांगितलं. रेषा म्हणजे काय, ती मी कुठून कुठं आणली, का आणली. गंगाक्का त्या दिवशी केंद्रात बोलली ते खरं होतं, फुगे तिनं फोडले नव्हते, मी फोडले होते.

प्रकाश उठून माझ्या अंगावर आला. मारलं असतं तर मी हात आडवा घातला नसता. त्यानं मारलं नाही. आईकडं वळला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

गंगाक्का मला म्हणाली, “म्हंजी मला कळत हुतं?”

“व्हय आक्का. तुमालाच कळत हुतं.”

“मग त्या दिवशी तसं का म्हनलास रं?”

 

प्रकाश तिला सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडं घेऊन गेला. त्यांनी टीव्ही वगैरे काही लावला नाही. तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. म्हणाल्या, झटक्यानंतरचे पहिले महिने फार मोलाचे असतात, ते गेले. आता वेळ लागेल, किती येईल सांगता येत नाही, पण बोटांपासून सुरुवात करू. घरी रोज सराव पाहिजे. त्या तीन महिन्यांचं काय, असं प्रकाशनं विचारलं. बाईंनी परत अंगठ्यापासून एकेक बोट दाबायला सुरुवात केली.

मला वाटलं, आता तरी माझी विद्या कामाला येईल. जुना बटणाचा कंट्रोलर घेतला, त्याला एकच मोठं बटण ठेवलं, खालचं रबर नवं आणि मऊ घातलं. गेम अगदी साधा. बटण दाबलं की पडद्यावरचा चेंडू उडी मारतो, बाजूला आकडा पडतो. यात कुणाला काही हलकं करता येणार नाही. ठिपका टेकला तर टेकला. बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, त्रास होत नसेल तर वापरा. रविवारी सकाळी तो घेऊन वडगावला गेलो. मोठ्या तोऱ्यात गेलो, हेही सांगतो.

प्रकाशनं टीव्ही लावला. गंगाक्काचा हात टेबलावर ठेवला, बोट बटणावर. शेजारचे पॉवरलूम खडखडत होते. ती जोर लावायला लागली. कपाळावर घाम आला. चेंडू जागचा हलला नाही. आकडा शून्य. पाच मिनिटं शून्य. पंधरा मिनिटं शून्य. मला खाली मान घालावीशी वाटली. प्रकाश म्हणाला, “आई, बंद करू या का?”

गंगाक्का पडद्याकडं बघत होती. “शून्य हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“बरोबर हाय. लई दिवसांनी कुणीतरी खरं सांगितलं.” मग प्रकाशला म्हणाली, “तू त्या टीव्हीकडं बघू नगंस. हिकडं माझ्या हाताकडं बघ. आणि ऊठ म्हनल्याबिगर उठू नगंस.”

तो पोरगा, चाळिशीला आलेला, टेबलावर हनुवटी टेकून आईच्या बोटासमोर बसला. मी पडद्याकडं बघत बसलो, कारण माझं सगळं आयुष्य तिकडंच बघण्यात गेलंय. अर्धा तास गेला असेल. चेंडू तसाच, शून्य तसंच. माझं बटण, ज्याचा मला एवढा गर्व, त्यालाही काही कळलं नाही.

“हललं!” प्रकाश ओरडला. “आई, हललं! तांदळाएवढं हललं, मी बघितलो!”

मी पडद्यावर बोट दाखवलं. शून्यच होतं.

“बंद करा वो ते,” तो म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती.